मदत हवी आहे: नवजात बाळाच्या एईईजीबद्दल (मेंदूच्या विद्युत लहरींचा सतत चालणारा आलेख)

माझ्या बहिणीचं बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. एचआयई, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा, असं निदान आहे. पहिल्या ६ तासांच्या आत कूलिंग सुरू झालं, म्हणजे शरीराचं तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवतात ते. आता हळूहळू पुन्हा ऊब देत आहेत. डोक्याला एईईजीच्या तारा आहेत आणि आम्ही सगळे त्या स्क्रीनकडेच बघत बसतो.

डॉक्टर म्हणाले, कूलिंग चालू असताना सुरुवातीच्या तासांत आलेख दबलेला (लहरी क्षीण) दिसला तरी त्यावरून पुढचं ठरवत नाहीत. ४८ तासांपर्यंत तो सुधारला आणि झोपेचं-जागेपणाचं चक्र दिसू लागलं तर चांगलं लक्षण. आमच्या बाळाचा आलेख दुसऱ्या दिवशी बराच सुधारला, पण चक्र अजून नाही. झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन दिलंय, त्यानेही आलेख दबतो. इथेच आमचा जीव अडकलाय.

नवजात विभागात काम करणारं कोणी किंवा यातून गेलेले आईबाबा इथे असाल तर कृपया सांगा. औषधाचा परिणाम कुठला आणि इजेचा कुठला, हे डॉक्टर कसं ओळखतात? चक्र उशिरा आलेली तुमच्या माहितीतली बाळं पुढे कशी वाढली? आता एमआरआय होणार आहे, तेव्हा दोन्ही तपासण्या एकत्र धरून नेमकं काय विचारावं?

बहिणीला टाक्यांमुळे अजून फार वेळ बसवत नाही, डॉक्टरांशी मीच बोलते. तिला खोटा धीर द्यायचा नाहीये, त्यामुळे जे असेल ते स्पष्ट लिहा.