मदत हवी आहे: गावरान कोंबडा स्पर्धेला पाठवायचाय, तुरा आणि पायांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरची. एका ज्युनिअर कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसता पुसता टॅक्सिडर्मीचा, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून तो जिवंतासारखा उभा करण्याचा, नाद लागला. जूनअखेर पुण्यात हौशी लोकांची एक छोटी स्पर्धा आहे, त्यात नवशिक्यांचा वेगळा गट आहे. पाळीव पक्षी आणि बाजारातले मासे एवढंच चालतं. मी कुठल्याही स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतेय. या कामातलं कळणारे एक-दोघं इथे आहेत, म्हणून विचारते.

पक्षी म्हणजे शेजारच्या काकूंचा गावरान कोंबडा. अंग तांबडं, शेपटीला काळी-हिरवी झाक, तुरा असा की गल्लीत नाव होतं त्याचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दुपारी उन्हाने गेला. काकूंनी लगेच आणून दिला आणि तासाभरात तो फ्रीझरमध्ये गेला. पोटावरची पिसं हलकेच ओढून पाहिली होती, घट्ट होती. सासूबाईंनी बर्फ काढायला फ्रीझर उघडला आणि "हाई काय शे?" म्हणून जी ओरडल्या, तेव्हापासून घरात बर्फ शेजारून येतोय.

सराव पोल्ट्रीच्या पक्ष्यांवर केलाय. छातीच्या हाडावर चीर देणं, कातडं सोडवणं, शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची गाठ आणि चरबी काढणं, डिशवॉशने धुऊन हेअर ड्रायरने पिसं फुलवणं, आतून बोरॅक्स चोळणं, हे आता जमतं. धड मी सुताराकडच्या रंध्याच्या ढलप्या दोऱ्याने करकचून बांधून बनवते. काढलेलं मूळ धड कागदावर ठेवून त्याची रेघ मारून घेते, म्हणजे माप चुकत नाही. इथवर ठीक आहे.

खरी अडचण डोक्याची. सरावातल्या एका कोंबड्याचा तुरा वाळून काळपट पडला आणि निम्म्यावर आला. गालाखालच्या लोंब्यांची तीच गत. पायांची कातडी हाडाला चिकटली आणि पिवळा रंग उडून मेणचट राखाडी झाली. बाकी अंग कितीही नीट बसलं तरी माणसाची नजर आधी तुऱ्यावर जाते, मग परीक्षकाची का नाही जाणार? तुरा पूर्ण नवा बनवावा की वाळलेल्यावरच लेप देऊन भरावा? नवा बनवला तर नवशिक्या गटात गुण कापतात का? नियमावलीत त्यावर एक ओळ नाही.

दुसरं, मांडणी. माझा भाऊ म्हणतो पंख पसरून झुंजीच्या पवित्र्यात उभा कर, लोक थांबून बघतील. मला तो नुसता उभा हवाय, मान किंचित वळलेली, एका डोळ्याने जमिनीकडे बघणारा. कोंबडा दिवसभर तेच तर करतो.

तिसरं, आपलं ऊन. पारा 44 च्या खाली यायला तयार नाही. वाळवू कुठे? गच्चीवर ठेवायची हिंमत होत नाही आणि खोलीत कूलर चालू असतो.

तापीकाठ:

ताई, डोकं अजून सोलायचंय ना? मग तुमचं नशीब चांगलं. फ्रीझरमधून काढून पुरता सैल होऊ द्या आणि आधी तुऱ्याचा साचा घ्या. दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानात अल्जिनेट, म्हणजे ठसा घ्यायची पूड, मिळतं. ते कालवून तुऱ्यावर आणि लोंब्यांवर बसवा, घट्ट झालं की काढा आणि लगेच आत प्लास्टर ओता. अल्जिनेट ठेवलं की आकसतं, उद्यावर टाकू नका. प्लास्टरचा तुरा हाताशी आला की वाळलेल्या तुऱ्यावर एम-सीलचा पातळ थर देत त्या मापाला नेता येतं. वरचे बारीक दाणे ओल्या ब्रशने टोचून उठवायचे. रंग एका हातात लाल फासू नका, पातळ थर चढवत जा, मुळाशी जरा गडद. गुण कापण्याची भीती काढून टाका. तुरा आटतो हे परीक्षकाला तुमच्याआधी माहीत असतं. दुरुस्ती दिसली तर तो गुण कापेल.

मोठ्या तुऱ्याचं डोकं मानेच्या कातड्यातून उलटं निघत नाही, ओढू नका. डोक्याच्या मागून छोटी चीर द्या, शिवण पिसांत लपते.

पायांसाठी तळव्याला चीर द्या, आतल्या पांढऱ्या कंडरा चिमट्याने ओढून काढा आणि त्या जागी एपॉक्सी भरा. तार पायाच्या नळीच्या मागच्या बाजूने वर न्यायची. रंग पाय वाळल्यावर द्यायचा.

मांडणीत तुम्ही बरोबर, भाऊ चूक. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखणारा आयाळ बघत नाही, आधी पाय बघतो, तसंच हे. अमेरिकेतल्या वर्ल्ड टॅक्सिडर्मी चॅम्पियनशिपचे परीक्षक टॉर्च घेऊन नाकपुडी आणि पापणीच्या आत बघतात. पंख पसरलात की सांधे, पिसांच्या रांगा, तोल, सगळं उघडं पडतं. पहिल्या खेपेला कशाला? काकूंकडे दुसरा कोंबडा असेल तर त्याचे समोरून, बाजूने, मागून फोटो काढा आणि ते सोबत न्या.

गुरांचादवाखाना:

आधी एक विचारतो, रागावू नका. उन्हानेच गेला हे कोणी ठरवलं? काकूंच्या बाकी कोंबड्या धडधाकट आहेत ना? देशातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. लाखो पक्षी मारावे लागले, मी ते दिवस जवळून पाहिलेत. फ्रीझरमध्ये विषाणू मरत नाही. एकाहून जास्त पक्षी गेले असतील तर हा नाद सोडा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एकटाच गेला असेल तरी डॉक्टरांना विचारूनच कापा. हातमोजे, मास्क, आणि स्वयंपाकघरात काम करायचं नाही. पक्षी कोणाचा, कसा गेला, हे काकूंकडून लिहून घ्या, आयोजक विचारतीलच.

चोपडेकर:

कोंबडा कशाला ताई, आमच्या शेतात परवा मोर मेलेला सापडला. तो केला असता तर पहिलं बक्षीस घरी!

तापीकाठ:

भाऊ, हात लावू नका, आधी वनखात्याला फोन करा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे आणि मेलेला सापडला तरी तो सरकारचा असतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून टॅक्सिडर्मी केंद्र आहे, डॉ. संतोष गायकवाड यांनी उभं केलेलं. तिथे वाघ-बिबट्यांवर काम होतं ते वनखात्याच्या परवानगीने. आपण कोंबड्यावर खूश राहावं.

ताई, वाळवण्याचं राहिलं. गच्ची नको आणि कूलरची हवाही नको. उन्हात पापण्या आणि चोचीच्या कडा आधी वाळतात, मागे ओढल्या जातात आणि डोळा वटारल्यासारखा दिसतो. कूलरच्या ओलीत कातडं वाळायला उशीर होतो आणि पिसं गळतात. आतली अंधारी खोली बघा, पंखा लांब ठेवा, वरून जुनी सुती ओढणी. पापण्यांवर पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ ओला कापूस टेकवा. पिसं टाचण्यांनी आणि दोऱ्याने बांधून ठेवा, पुरतं वाळेपर्यंत सोडू नका. आणि माउंट बसवायचं, म्हणजे कातडं धडावर चढवून पक्षी उभा करायचं, काम पहाटे चारला सुरू करा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. काकूंच्या बाकी कोंबड्या ठणठणीत आहेत, आज त्यांनीच अंडी पाठवली. तरी दवाखान्यात विचारून मगच सुरी लावते. अल्जिनेट धुळ्याहून मागवते. भावाला प्रतिसाद वाचायला दिलाय, तो गप्प आहे.

एकच उरलं. डोळे. बाहुल्यांचे काळे मणी मिळतात, पण याचं बुबुळ नारिंगी होतं. तसे काचेचे डोळे कोणी मागवलेत का? की पारदर्शक काचेला मागून रंगवून चालतं? आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये एवढं खोकं मांडीवर घेऊन बसू देतात का, की डिकीतच टाकायला लावतात?