'तिथी'मधला गडप्पा मोकळा माणूस की जबाबदारी टाळणारा बाप?

रानवाट:
राम रेड्डींचा 'तिथी' हा कन्नड चित्रपट परवा पुन्हा पाहिला आणि या खेपेला मला गडप्पाचा चक्क राग आला. त्यावर बोलायला हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. मंड्या जिल्ह्यातलं एक खेडं. 101 वर्षांचा सेंच्युरी गौडा रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालतो, लघवीला म्हणून उठतो आणि कोसळून मरतो. अकराव्या दिवशी त्याची तिथी, म्हणजे गावजेवण आलं. मुलगा गडप्पा स्वतःच म्हातारा झालेला. दाढी वाढलेली, तोंडात विडी, खिशात ब्रँडीची छोटी बाटली, दिवसभर रानोमाळ भटकंती. नातू तम्मण्णाला पाच एकर जमीन विकायचीय, पण ती अजून सेंच्युरी गौडाच्याच नावावर. गडप्पाला जमीन नको, आणि ती पोराच्या नावावर करून द्यायची खटपटही नको. शेवटी तम्मण्णा जिवंत बापाच्या मृत्यूचा खोटा दाखला काढायच्या मागे लागतो आणि बापाच्या हातावर पैसे ठेवून त्याला प्रवासाला धाडतो. गडप्पा प्रवासाला न जाता धनगरांच्या कळपात जाऊन मिसळतो. पणतू अभि त्याच धनगरांमधल्या कावेरी नावाच्या मुलीच्या मागे.

चित्रपटावर जे काही वाचलं त्यात गडप्पावर सगळे फिदा. फकीर, अवलिया, मुक्त पुरुष! आणि तम्मण्णा म्हणजे लोभी, लबाड. मला हे पटत नाही. आजोबाचं क्रियाकर्म कोणी केलं? तम्मण्णाने. गावजेवणाचा खर्च कोणाच्या डोक्यावर? तम्मण्णाच्या. सावकारी करणाऱ्या कमलक्काकडून कर्ज कोणी उचललं? त्यानेच. आख्ख्या चित्रपटात निवांत बसलेला तम्मण्णा मला आठवत नाही. तो कुठेतरी निघालेला असतो, कोणाच्या तरी मिनतवाऱ्या करत असतो. बापाने सोडलेली सगळी कामं पोराच्या अंगावर आली, तेव्हा कुठे बापाला असं हिंडायला मिळालं. म्हणून मी हा चित्रपट तम्मण्णाची गोष्ट म्हणून पाहतो.

निशिगंध:
रानवाट, तुम्ही शेकोटीचा प्रसंग सोडून दिलात. (पुढे रहस्यभेद आहे, न पाहिलेल्यांनी हा प्रतिसाद ओलांडून जावा.)

रात्री धनगर शेकोटीभोवती बसलेत आणि गडप्पा आपली कहाणी सांगतो. तोवर आपण त्याला गमतीदार म्हातारा समजत असतो. मग कळतं की त्याच्या संसाराचा घात त्याच्या बापानेच केला. ज्या सेंच्युरी गौडाच्या मिश्कील शिव्यांवर आपण सुरुवातीला पोट धरून हसलो, तोच हा. हे ऐकल्यावर मला मागचं सगळं वेगळं दिसायला लागलं. बाप गेल्याचं कळूनही गडप्पाच्या चेहऱ्यावर काही का हललं नाही, जमिनीचं नाव काढलं की तो उठून का जातो. ती पाच एकर त्या बापाची आहे! तिच्याशी स्वतःचं नाव जोडायचं नाही हा त्याचा निर्धार आहे. याला जबाबदारी टाळणं म्हणणं फार कठोर होतंय.

रानवाट:
निशिगंध, तो प्रसंग मी मुद्दाम सोडला, न पाहिलेल्यांसाठी. पण आता निघालाच आहे तर माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथेच आहे. ही कहाणी गडप्पा कोणाला सांगतो? कालपरवा भेटलेल्या धनगरांना. पोटच्या पोराला नाही. तम्मण्णाला आपला बाप असा का झाला हे कळलंच नाही, तर त्याने समजून घ्यायचं तरी काय? त्याच्यापुढे फक्त एक दारू पिणारा, शब्दाला न जागणारा म्हातारा आहे. आयुष्यात एकदा तरी त्याने तम्मण्णाला समोर बसवून हे सांगायला हवं होतं.

शिवार:
मी शेतकरी कुटुंबातला, त्यामुळे कागदावर बोलतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता माणूस गेला की पहिल्या वर्गाचे वारस येतात. मुलगा हयात असेल तर त्या मुलाचा मुलगा या वर्गात येत नाही. म्हणजे जमीन सेंच्युरी गौडाची स्वकष्टाची असेल तर गडप्पा जिवंत असेपर्यंत तम्मण्णा शून्य. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर मात्र तम्मण्णाचा हक्क जन्मापासूनचा, आणि मग अभिचाही. चित्रपट या खोलात शिरत नाही आणि ते बरंच आहे, पण गाठ खरी आहे. आमच्याकडे सातबारा, तिकडे कर्नाटकात त्याच उताऱ्याला पहाणी म्हणतात. आज्याच्या नावावरचा उतारा घेऊन तलाठ्याकडे हेलपाटे घालणारे पन्नाशीतले 'पोरगे' मी पाहिलेत. बाप सही देत नाही, का देत नाही ते सांगत नाही, आणि बाजारात पोराची पत शून्य. माझं मत रानवाट यांच्या बाजूने. जमीन नकोच असेल तर एकदा तालुक्याला जाऊन पोराच्या नावावर करून द्यायची आणि मग खुशाल हिंडायचं. तेवढं न करणं हा दुष्टपणा आहे.

कावडी:
शिवारदादा, तुम्हीच अभिचा हक्क काढलात म्हणून विचारते. तम्मण्णा जमीन विकायला निघालाय, पोराच्या नावावर करायला नव्हे. अभिला तो एका शब्दाने तरी विचारतो का? त्या दोघांत कामं सांगण्यापलीकडे बोलणंच नाही. बाप हुकूम सोडतो आणि पोरगा कावेरीच्या नाहीतर जुगाराच्या मागे सटकतो. जे गडप्पाने तम्मण्णाशी केलं तेच तम्मण्णा अभिशी करतोय, फक्त हा हिंडत नाही, राबतो. राबणाऱ्या बापालाही अबोला धरता येतो. म्हणून मला यात कोणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही.

आणि चार पिढ्यांच्या या भांडणात बायका कुठे आहेत? कमलक्का ठसक्यात येते, कावेरी आहे. पण तम्मण्णाची बायको नवऱ्याच्या या उद्योगाबद्दल काय विचार करते हे मला हवं होतं.

चित्रवेल्हाळ:
चर्चा फारच गंभीर वळणावर गेली. हा विनोदी चित्रपट आहे हो! आणि मला तिथेच अडचण वाटली. शहरातल्या प्रेक्षकांनी खेड्यातल्या अडाण्यांना हसावं असा मामला वाटला. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात 'फिल्ममेकर्स ऑफ द प्रेझेंट' विभागाचा गोल्डन लेपर्ड मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ठीक. पण तिथे लोक कशाला हसले असतील याची शंका येते.

निशिगंध:
चित्रवेल्हाळ, अजिबात सहमत नाही. सहलेखक एरेगौडा त्याच भागातले, नोडेकोप्पलू गावचे. पात्रं त्यांना परिचित माणसांवरून सुचली आणि कामं स्थानिक माणसांनीच केली, व्यावसायिक नट नाहीत. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे कुठे हसायचं हे कोणी सुचवत नाही. गडप्पा रानातून चालत असतो तेव्हा कॅमेरा त्याला घाई करत नाही, त्याच्या चालीने चालू देतो. टिंगल करायची असती तर त्याचं बोळकं मोठं करून दाखवलं असतं. उलट मला तर वाटतं की गंभीर नाट्यात बापलेकाची ही तेढ आपण दोन अश्रू ढाळून मोकळी केली असती. इथे हसता हसता ती अंगावर येते आणि सुटतच नाही.

आता शिवारदादा, तुमच्या कागदाबद्दल. जिवंत बापाला कागदावर मारणं ही तुम्हाला फक्त अडचणीतली पळवाट वाटते का? आझमगढच्या लाल बिहारींना 1975 मध्ये सरकारदरबारी मृत ठरवलं गेलं. जमिनीसाठी, सख्ख्या काकाने. कर्जासाठी कागद काढायला गेले तेव्हा त्यांना स्वतःच्या मृत्यूची बातमी कळली! जिवंत असल्याचं मान्य करून घ्यायला 1994 उजाडलं. तोवर ते नावापुढे 'मृतक' लावत होते, आणि आपल्यासारख्यांचा मृतक संघ त्यांनी उभा केला.

शिवार:
लाल बिहारींची गोष्ट माहीत आहे. पण ताई, त्यांना जमीन हवी होती, ती त्यांच्यापासून हिरावली. गडप्पाला नकोय. त्याचं यात गेलं काय?

रानवाट:
माझंही तेच म्हणणं. आणि तम्मण्णा हे आनंदाने करत नाही. आधी तो बापाची विनवणी करतो, मग पैसे देतो. खोटा दाखला हा त्याचा पहिला मार्ग नाही, सगळी दारं बंद झाल्यावरचा आहे.

निशिगंध:
गेलं काय? त्याला न विचारता त्याचा मृत्यू ठरला, हे गेलं. जमीन नको म्हणणारा माणूस 'मी आहे' हे नको म्हणत नसतो. एकदा बापाने त्याचं आयुष्य परस्पर उधळलं, आता पोरगा त्याचं मरण परस्पर ठरवतोय. रानवाट, तुम्ही तम्मण्णाची धावपळ मोजलीत, ती खरी आहे आणि मलाही दिसते. पण 'तू असा का झालास' हा प्रश्न त्या धावपळीत त्याने बापाला एकदाही विचारल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला तसा प्रसंग सापडला तर इथे जरूर लिहा, मी तेवढ्यासाठी पुन्हा पाहीन.