बेनेडिक्टचा नियम वाचून मठातलं जगणं कळतं का?

प्रश्न (परभणी, एम.ए. इतिहास): युरोपातल्या मठांवर प्रकल्प घेतलाय. संत बेनेडिक्टनं ख्रिस्ती मठातल्या साधूंसाठी लिहिलेल्या नियमात 73 प्रकरणं आहेत, जेवणाझोपेपासून सगळं. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर (अंबाजोगाई): नाही भागायचं. नियमात कसं वागावं ते असतंय, कसं वागले ते नाही. तरी 40वं प्रकरण बघा. वाइन साधूंसाठी नव्हेच, पण हल्लीच्यांना ते पटवता येत नाही, म्हणून निदान बेतानं प्या, असं तो म्हणतो! अशा जागा हुडका. बाकी जगणं दानपत्रांत. मी मोडीतली इनामाची कागदं वाचत आलोय; वरचा भक्तीचा मजकूर सोडून आधी चतुःसीमा अन् साक्षीदार बघतो. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचं 910 चं दानपत्र घ्या. जमीन बळकावणाऱ्याला त्यात येशूचा घात करणाऱ्या ज्यूडासची गत सांगितलीय. आपल्या ताम्रपटांत तोच माणूस साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. एवढा शाप घालायचा म्हणजे बळकावणारे असणारच की.

दुसरं उत्तर (लातूर): बनावट दानपत्रं ढिगानं आहेत, जपून. ती पारखायचं शास्त्र माबियाँ या फ्रेंच विद्वानानं 1681 मध्ये मांडलं, अन् तो स्वतः बेनेडिक्टाइनच, म्हणजे याच नियमानं चालणारा साधू.

अंबाजोगाई: बनावट कागद फेकू नका मात्र. तो कधी बनवला ते कळलं की त्या वेळी मठाचा वाद कशावरून चालू होता ते कळतंय.

प्रश्नकर्ता: मग क्लुनीपासूनच सुरू करतो, सर.