कोकरांना चिमटा लावण्याआधी भूल द्यायला काय हरकत आहे?

माळरान (हिंगणा):
मागच्या रविवारी आमच्या अकरा नर कोकरांना चिमटा लावून, म्हणजे अंडकोषाच्या वरची नस बाहेरून चेपून, खच्ची केलं. दरवर्षी करतो, पण या वेळी पहिल्यांदाच नंतर तिथेच बसून राहिलो. चिमटा मिटताना एकच ओरडलं, बाकीची गप्प. आपण म्हणतो, बघा, काही होत नाही. तासाभराने सगळी मागचे पाय फाकवून, पाठ वाकवून खांबासारखी उभी होती. एकाची आई सारखी ओरडत होती, तरी ते सडाला तोंड लावायला गेलं नाही. मेंढरू दुखणं लपवतं. त्याच्या गप्प राहण्यावर आपण वर्षानुवर्षं विसंबलो, हे मला फार लागलं.
1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली केंद्राने 2023 मध्ये नियम काढले. खच्चीकरण नोंदणीकृत पशुवैद्यकाने, भूल देऊनच करायचं. एक सुई आणि पाच मिनिटं थांबणं, एवढंच तर आहे. सगळ्यांनी सुरू करावं.

काटोलवाला:
भाऊ, तुमची अकरा, माही दीडशे मेंढरं. आज या वावरात मुक्काम, उद्या त्या. दवाखाना उघडते तवा आमी रानात रायतो, डाक्टर कुठून आणू? माहा आजा बैल बडवून खच्ची करे, तवा कोणं भूल देल्ली? चिमटा आला हेच लय सुधारलं. अन् सुईनं पिल्लू मेलं तर भरून कोण देईन?

पशुवैद्यक_नागपूर:
सुईची भीती खोटी नाही. लिग्नोकेन हे भुलीचं औषध पिल्लांना चटकन जास्त होतं. 2 टक्क्यांच्या एका मिलीत 20 मिलिग्रॅम औषध असतं. पाच किलोच्या कोकराला एक मिली पुष्कळ झालं. मोठ्या जनावराच्या अंदाजाने भरलं तर झटके येतात, म्हणून घरच्या घरी करू नका.
शिवाय भूल तास-दीड तासात उतरते, दुखणं मागे राहतं. त्यासाठी मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध. माणसांचं डायक्लोफिनॅक जनावरांना टोचणारे मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका. ते टोचलेली जनावरं मेल्यावर खाऊन देशातली गिधाडं संपत आली, म्हणून 2006 पासून ते जनावरांसाठी बंद आहे. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकही 2023 मध्ये बंद झालं. आपल्या पेंचमध्ये 2024 ला गिधाडं आणून ठेवली आहेत, ती मेलेल्या जनावरांवरच जगणार.

रामटेककर:
मुळात खच्ची करताच कशाला? सहा-सात महिन्यांत विकायचं तर नर वेगळे बांधा.

काटोलवाला:
बांधू कुठं? आमाले गोठा हाय का? नर कळपात रायला तर बहिणीवरच जाते, अन् पुढची पैदास खराब होते.

माळरान (हिंगणा):
हे खरं आहे. फिरत्या कळपाला माझा हिशोब लागू पडत नाही, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण दादा, आंत्रविषाराची लस टोचायला पावसाळ्याआधी डॉक्टर तुमच्या कळपावर येतात ना? त्याच दिवशी नर बाजूला काढले तर? आधी सुई टोचायची, बाकीच्यांची लस होईस्तोवर थांबायचं, मग चिमटा. वेगळी खेप नको, तुमचा मुक्कामही मोडत नाही.

पशुवैद्यक_नागपूर:
जमेल. आधी आकडा कळवा म्हणजे औषध मोजून आणता येतं.

काटोलवाला:
लसीच्या दिवशी होत असन तर पायतो. पण पयले पाचच पिल्लाईले. संध्याकाळी आईजवळ जाऊन दूध पेले, तर बाकीच्याईचं सांगीन.