मदत हवी आहे: डायव्हिंगच्या होडीवर ऑक्सिजनचा कोणता संच ठेवावा?

नमस्कार मंडळी,

मालवणात आमची होडी आहे. धाकटा भाऊ डाइव्हमास्टर, म्हणजे डायव्हर्सना पाण्याखाली घेऊन जाणारा, मी सामान आणि हिशेब बघतो. आजवर किल्ल्याजवळ पर्यटकांना पाच-सात मीटरवर फिरवून आणायचो, तेव्हा ऑक्सिजनचा विचारच केला नाही. यंदा पावसाळा सरला की प्रमाणपत्र असलेल्या डायव्हर्सना वीस मीटरच्या आसपास न्यायचं ठरतंय.

गेल्या हंगामात भाऊ दुसऱ्याच्या होडीवर कामाला होता. तिसऱ्या डाइव्हनंतर एकाचा खांदा दुखायला लागला, बोटांना मुंग्या आल्या. खोलवरून वर आल्यावर अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले की असं होतं. ऑक्सिजनची पेटी उघडली. सिलिंडर भरलेला, पण उघडायची चावीच नाही! "चावी खंय हा रे?" करत सगळी होडी पालथी घातली. सापडली इंजिनाच्या हत्यारांत, ग्रीसनं माखलेली. तांडेल तशीच लावणार होता, भावानं हात धरला, ऑक्सिजनजवळ ग्रीस पेट घेऊ शकतं म्हणून. चावी साबणानं धुऊन पुसेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि मास्क चढवताना त्याचं कुजलेलं रबर तुटलं. तो मुलगा उपचार घेऊन बरा झाला, पण भावाच्या डोक्यातून ते जात नाही.

तर सिलिंडर केवढा घ्यावा? डाइव्हच्या जागेपासून धक्का अर्धा तास, तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय तासभर. घरात कोविडच्या वेळी घेतलेला मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, तो चालेल का? मास्क कोणता?

भूलवाली: मी भूलतज्ज्ञ आहे, पाण्याखाली कधी गेले नाही, पण सिलिंडर रोजचे. वाटेतला दीड तास आणि रुग्णवाहिकेची वाट धरून दोन तास पकडा. मिनिटाला १५ लिटर म्हणजे १८०० लिटर. आपल्याकडच्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, तो १०० मिनिटांत संपेल, तेही काठोकाठ भरलेला असेल तर. दोन घ्या. मास्क पिशवीवाला, नॉन-रिब्रीदर. पिशवी आधी फुगवायची, मग तोंडावर लावायचा. कॉन्सन्ट्रेटरच्या ५ लिटरवर ती पिशवी भरलेली राहणारच नाही, आणि होडीत वीज कुठून आणणार? घरीच राहू द्या तो.

मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणाऱ्या फ्लोमीटरसोबत पाण्याची बाटली येते, ती होडीवर लावू नका. कलंडली की पाणी नळीत. एवढ्या वेळाला कोरडा ऑक्सिजन चालतो.

खारावारा: दादा, पाच-सात मीटरला ऑक्सिजन लागत नाही हे डोक्यातून काढा. घाबरलेला पर्यटक श्वास रोखून झटक्यात वर आला तर दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुस फाटू शकतं, हवेचा बुडबुडा मेंदूकडे जातो. संच त्या फेरीलाही हवा.

परवडलं तर डिमांड व्हॉल्व्ह बघा. माणूस श्वास ओढेल तेवढाच ऑक्सिजन सोडतो, म्हणून सिलिंडर बराच जास्त पुरतो, आणि मास्क घट्ट बसला तर जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन मिळतो. पण माणूस शुद्धीवर आणि स्वतः श्वास घेणारा हवा. साध्या फ्लोमीटरवर तो चालत नाही, रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या दाब कमी करणाऱ्या भागाला, वेगळं तोंड लागतं. सिलिंडरचं तोंडही आधी बघा, पिन इंडेक्स की बुलनोज. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही.

आणि दुखणाऱ्याला सपाट झोपवा, पूर्ण शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पाजा. अर्ध्या तासात "बरं वाटतंय" म्हणेल, तरी मास्क काढू नका. दुखणं थांबलं म्हणजे नायट्रोजनचे बुडबुडे गेले असं नाही. डॉक्टरांना दाखवायचंच, गरज पडली तर रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे दाब वाढवून उपचार करायची बंद खोली. परत पाण्यात तर मुळीच उतरवू नका.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. पर्यटकांच्या फेरीचं मी खरंच चुकीचं धरून चाललो होतो. भाऊ शेजारी बसून वाचतोय आणि "सांगत होतो" म्हणतोय. उद्या कुडाळला सिलिंडरवाल्याकडे जातो, दोन बी टाइप आणि एकाच तोंडाचे. चावी नायलॉनच्या दोरीनं सिलिंडरच्या मानेलाच बांधणार, दुसरी पेटीच्या झाकणात.

एकच राहिलं: खाऱ्या हवेत मास्कचं रबर किती दिवस टिकतं? हवाबंद पिशवीत ठेवलं तर फरक पडतो का?

भूलवाली: पडतो. ऊन लागू देऊ नका. दर महिन्याला पट्टा ओढून बघा, भेग दिसली की फेका. मास्क स्वस्त असतात हो, चार घेऊन ठेवा.