म्हाताऱ्या हार्डकोर बँडला समोरून ऐकलंय का? सांगली-मिरज-कुपवाडकरांनो, अनुभव सांगा

हार्डकोर म्हणजे पंक रॉकचाच जास्त वेगवान, कर्कश प्रकार. सुरुवात मीच करतो. कास्टिंगचे नमुने पास करून घ्यायला जर्मनीत एसेनला गेलो होतो. कोळसा-पोलादाचा मुलूख, पण खाणी आता बंद. शेजारच्या बोट्रोपमधली शेवटची २०१८च्या डिसेंबरात मिटली. आमच्या नमुन्यांत ब्लोहोल (धातूत अडकलेल्या हवेची भोकं) निघाले, दिवसभर बोलणी खाल्ली (चूक आमचीच). संध्याकाळी तिथल्या क्वालिटीवाल्याला बहुधा दया आली आणि तो मला अॅग्नॉस्टिक फ्रंट या हार्डकोर बँडच्या कार्यक्रमाला घेऊन गेला.

न्यूयॉर्कचा बँड, १९८०पासूनचा. त्यांचा १९८४चा पहिला मोठा अल्बम पंधराएक मिनिटांत आटोपतो. मिरजेत तेवढ्यात तंबोरेही जुळत नाहीत. गिटारवाला विनी स्टिग्मा १९५५चा, म्हणजे आमच्या थोरल्या मामांच्या वयाचा. तो गिटारसकट गर्दीत उतरला आणि मधोमध उभा राहून वाजवायला लागला. भोवती पोरं एकमेकांना धडका देत गोल पळत होती. एका धडकेत माझा चष्मा उडाला. मी वाकलो तसा गोंदवलेल्या हातांचा एक धिप्पाड गडी हात पसरून माझ्यावर आडवा उभा राहिला. चार मोबाइलचे टॉर्च लागले, चष्मा सापडला, आणि त्या गड्याने तो आपल्या घामेजल्या टी-शर्टला पुसून माझ्या नाकावर बसवला. पुढचा निम्मा कार्यक्रम धूसर दिसला. पण पडलेल्याला आधी उचलायचं, हे तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आता तुम्ही बोला.

*

सेफ्टी ऑफिसर, कुपवाड एमआयडीसी:

हसू नका. कामगारांना रोज ओरडून सांगतो, नव्वद डेसिबलला आठ तास, पंच्याण्णवला चार, शंभरला दोन; त्यापुढे ईअरप्लगशिवाय शॉपमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि मी स्वतः न्यूयॉर्कच्याच सिक ऑफ इट ऑल या बँडच्या कार्यक्रमाला स्पीकरच्या शेजारी उभा. दोन दिवस कानात कुईं. साइटवर कुणाला बोललो नाही. गाण्याचं म्हणाल तर चार-पाच गाण्यांनंतर मला सगळी सारखीच वाटायला लागली.

*

विश्रामबाग, सांगली:

लेक बर्मिंगहॅमला शिकते. तिथे गेले तेव्हा म्हणाली, आई, इथे येऊन नेपाम डेथ ऐकलं नाहीस तर काय केलंस? हार्डकोर पंकमधूनच निघालेला, १९८१पासूनचा बँड. यांचं एक गाणं दीड सेकंदसुद्धा नाही, सगळ्यांत छोटं म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. मी शिंकले असते तर तेवढं हुकलं असतं! गायक बार्नी ग्रीनवे पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत गुरगुरतो, आणि गाणं संपलं की अगदी शांत, सभ्य आवाजात माणुसकीबद्दल बोलतो. गाणं मिनिटभराचं, बोलणं त्याहून लांब. आम्ही मागे भिंतीला टेकून होतो. शेजारी माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या दोघी काळ्या टी-शर्टमध्ये. एकीने मला न विचारता कानात घालायचे बोळे दिले. (सेफ्टी ऑफिसरसाहेब, वाचताय ना?)

*

प्रेस शॉप, कुपवाड:

मी काय परदेशात गेलेलो नाय. भाचा पुण्यात असतो, त्यानं असल्याच एका कार्यक्रमाला नेलं. पोरं तरणी, पण वाजवत होती ही जुनीच गाणी. भाच्याला वाटलं मामा पाच मिनटात उठणार. आवो, आमच्या शॉपमध्ये चार पावर प्रेस एकदम चालू झाल्या की हेच वाजतं, वर सुपरवायझर ओरडतो तो वेगळाच. ड्रमवाल्याचा पाय बघत बसलो. पेडल मारायची लय अशी बसलेली, की आमचा जुना ऑपरेटर आठवला.

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं प्रेसखाली गेल्यात. येताना गाडीत भाच्यानं सांगितलं, बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याचीबी तशीच गेली. पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, उजव्याच हाताची, मधलं आणि करंगळीच्या शेजारचं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं टोप्या केल्या, बोटांवर चढवल्या आणि वाजवत राहिला. मी गप. मग गाडीतला दिवा लावून भाच्याला माझा हात दाखवला. म्हटलं बघ, हीच का ती दोन? तो म्हणला, मामा, हीच.