मदत हवी आहे: बाबा महिन्यात दोनदा पडले (ठाणे)

नमस्कार मंडळी. आम्ही नौपाड्यात राहतो. बाबा ७८ वर्षांचे. जुनी शुगर, बीपीची गोळी, आता प्रोस्टेटचीही. दोन्ही वेळा पहाटे लघवीला उठताना पडले. घरी मोजलं: झोपून वरचं बीपी १४०, उभं राहिल्यावर ३ मिनिटांत ११२. एवढं, म्हणजे २० च्या वर उतरलं की तोल जाऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या बदलून बघताहेत. शिवाय तळपाय बधिर, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. काठी मात्र नको, "म्हातारा दिसतो" म्हणे!

घरी येऊन तोल सांभाळायचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कुणाच्या माहितीत आहेत का? आणि बाथरूमच्या भिंतीत ड्रिल मारून दांडा पक्का बसवून देणारा कुणी? रबरी चकतीने चिकटणारा नको, तो एकदा हातात आलाय.